रात्रीचा थेंब

डॉ. चंदना मगदूम यांच्या टेबलावर सोमवारी आलेलं पाकीट शुक्रवार उजाडला तरी सहीवाचून पडून होतं. सही न करण्यामागे काही थोर कारण नव्हतं. बाईंना वेळ नव्हता, आणि खरं सांगायचं तर अंगात त्राणही नव्हतं. सांगलीतल्या त्या धर्मादाय नेत्र रुग्णालयात रोज सव्वाशे माणसं तपासायची, वर शस्त्रक्रिया, वर विश्वस्तांच्या बैठका. पंचावन्नाव्या वर्षी माणूस यंत्रासारखा चालतो खरा, पण यंत्राला निदान कुणीतरी तेल घालतं.

पाकिटात एका पुस्तिकेची छपाईला जाण्याआधीची प्रत होती. सातारा आणि सांगली जिल्ह्यांतल्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी मिळून ती तयार केली होती. खेड्यातल्या केंद्रावर एकटं बसलेल्या नव्या डॉक्टरला कोणत्या आजाराला काय द्यावं आणि ते कशाच्या आधारावर, हे चटकन सापडावं, असा त्यामागचा चांगला हेतू होता. रविवारी दुपारी साताऱ्यात शेवटची बैठक होती. त्याआधी ज्याच्या त्याच्या प्रकरणावर ज्याची त्याची सही हवी होती. चंदनाबाईंचं प्रकरण काचबिंदूचं.

काचबिंदू मोठा गुपचूप आजार. डोळ्यातला दाब वाढतो आणि नजर कडेकडून कुरतडली जाते. माणसाला कळतं तेव्हा निम्मं राज्य गेलेलं असतं, आणि गेलेलं परत येत नाही. दाब खाली ठेवणारा थेंब रोज, जन्मभर घालायचा, एवढंच हातात असतं. त्यात एक जुना थेंब सकाळ-संध्याकाळ घालायचा, आणि दुसरा रोज एकदाच, रात्री झोपताना. रात्रीच्या थेंबाची वाहवा जगभर होती. पण चार वर्षांपूर्वी चंदनाबाईंनी आपल्या बासष्ट रुग्णांवर अभ्यास करून एक पेपर लिहिला आणि त्यात सरळ सांगितलं, की आमच्या भागातल्या लोकांना रात्रीचा थेंब म्हणावा तसा लागू पडत नाही, जुना दोन वेळचाच बरा. एकतिसांपैकी नऊ जणांचाच दाब रात्रीच्या थेंबाने उतरला होता. दोन वेळच्या थेंबाने एकतिसांपैकी वीस जणांचा.

तो पेपर गाजला. आपल्या मातीतलं संशोधन म्हणून लोकांनी डोक्यावर घेतला, शाल-श्रीफळ झालं, भाषणं झाली. दोन वर्षांपूर्वी संस्थेने आपल्या नऊ ग्रामीण केंद्रांच्या औषधांच्या यादीतून रात्रीचा थेंब काढूनच टाकला. आता ती पुस्तिका निघाली, की जे नऊ केंद्रांत झालं ते दोन जिल्ह्यांत होणार होतं.

गंमत अशी, की दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी याच बाई तरुण डॉक्टरांचा वर्ग घेत. विषय एकच, छापलेल्यावर विश्वास कधी ठेवावा. कंपनीचा माणूस गुळगुळीत कागदावरचा अभ्यास घेऊन आला, की बाई त्याला उभ्याउभ्या सोलून काढत. ही माणसं कुठून गोळा केलीत, त्यांनी औषध खरंच घातलं हे कुणी पाहिलं, की नुसतं विचारलं? पोरं वहीत लिहून घेत. कंपनीवाले बाईंची वेळ चुकवून येत. असा सगळा धाक.

शुक्रवारी दुपारी अडीच वाजता, एकशे तिसरा की चौथा नंबर असेल, समडोळीच्या गुणमालाअक्का आत आल्या. वय एकाहत्तर, पांढरं लुगडं, हातात कापडी पिशवी. अक्कांना दमा होता. दम्याच्या माणसाला दोन वेळचा थेंब चालत नाही, म्हणून त्यांना नाइलाजाने रात्रीचाच दिलेला. बाईंनी दाब मोजला. सत्तावीस. मागच्या वेळी पंचवीस होता. औषध बदलावं तर बदलणार कुठलं, आणि शस्त्रक्रिया करावी तर हा दमा. बाई खुर्चीत मागे टेकल्या. कंटाळा आला होता त्यांना, स्वतःचा, आजाराचा, सगळ्याचाच. काही सुचेना म्हणून त्यांनी अक्कांच्या पिशवीतली बाटली घेतली आणि उजेडाकडे धरली.

बाटली गळ्यापर्यंत भरलेली होती.

"अक्का, ही आषाढात दिली होती. रोज रात्री घातली असती तर एव्हाना दुसरीही संपली असती."

अक्का जरा अवघडल्या. मग म्हणाल्या, "चातुर्मास हाय न्हवं."

"म्हणून?"

"दिवस मावळल्यावर मी पाणी बी घेत न्हाई. अन् ते औषध डोळ्यात घातलं की घशात उतरतंय. कडू लागतंय लय. म्हंजे तोंडातच गेलं की. नेम मोडतोय."

"मग मला सांगितलं का नाही? दरवेळी विचारते ना मी, औषध घालता का म्हणून."

"तुमी इचारता, मी व्हय म्हणते. चातुर्मास सोडून घालते की. अन् तुमी तर आपल्यातल्याच. तुमास्नी काय निराळं सांगायचं त्यात?"

आपल्यातल्याच होत्या बाई, जैनाघरच्या. त्यांची आई दिवस मावळायच्या आत ताट धुऊन पालथं घालायची, आणि उन्हाळ्याच्या रात्रीसुद्धा घोटभर पाणी घ्यायची नाही. बाईंचा स्वतःचा तो नेम कॉलेजच्या वसतिगृहात सुटला आणि मग ओपीडीने पार पुसून टाकला. हल्ली त्या रात्री साडेनवाला जेवत. डोळ्यातला थेंब नाकाच्या नळीतून घशात उतरतो, हे तर पहिल्या वर्षाच्या पोरालाही पाठ असतं. दोन्ही गोष्टी त्यांना ठाऊक होत्या. दोन्ही एकमेकींना कधी भेटल्याच नव्हत्या.

त्यांनी अक्कांना सांगितलं, की थेंब दिवस मावळायच्या आत घाला, संध्याकाळचं जेवण उरकलं की लगेच, रोज त्याच वेळी. वर डोळ्याच्या नाकाकडच्या कोपऱ्यावर बोट कसं दाबून धरायचं ते करून दाखवलं, म्हणजे औषध खाली उतरत नाही. अक्कांनी दोनदा करून पाहिलं.

"येवढंच व्हय?" त्या म्हणाल्या, आणि पिशवी उचलून निघाल्या.

पुढचे वीस रुग्ण बाईंनी कसे तपासले ते त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं. ओपीडी संपल्यावर त्यांनी चार वर्षांपूर्वीच्या अभ्यासाची नोंदवही काढायला लावली. बासष्ट नावं, गावं, तारखा. समडोळी, दुधगाव, कवठेपिरान, नांद्रे. त्या वर्षी एका मुनी महाराजांचा चातुर्मास या भागात होता. बस्तीच्या, म्हणजे जैन मंदिराच्या सभामंडपात रोज प्रवचनाला ही गर्दी, तेव्हा संस्थेने ठरवलं, की तिथेच शिबिरं घ्यावीत, माणसं आयतीच जमतात. तशी ती जमलीही. आषाढ ते कार्तिक, चार महिने. साठीच्या पुढच्या बाया, बहुतेक सगळ्या नेमाच्या. दोन वेळचा थेंब मिळालेल्यांनी निदान सकाळचा घातला असणार, पूजा आटोपून. रात्रीचा मिळालेल्यांनी काय केलं असेल ते आता कुणी सांगायची गरज नव्हती.

आणि पेपरात, तिसऱ्या पानावर, बाईंनीच लिहिलेलं एक वाक्य होतं: सर्व रुग्णांनी औषध नियमित घातल्याचे सांगितले. कंपनीवाल्याने हे वाक्य आणलं असतं, तर बाईंनी त्याची सालटी काढली असती.

तरीही अंदाजावर जायचं नाही, म्हणून त्यांनी समुपदेशनाचं काम बघणाऱ्या रेश्माला बसवून रात्रीच्या थेंबाच्या एकतीसही जणांना फोन लावायला सांगितले. औषध घालत होता का, असं विचारायचं नाही. रात्री त्या औषधाचं काय करायचात, एवढंच विचारायचं आणि गप्प बसायचं. शनिवारी दुपारपर्यंत बावीस जण सापडले. त्यांतले सतरा जण बोलले ते थोड्याफार फरकाने गुणमालाअक्कांचंच बोलणं. एकजण तर म्हणाली, आम्ही बायकाबायकांत ठरवलंच होतं, कार्तिकी झाल्यावर सुरू करू म्हणून.

यादी पुढे ठेवताना रेश्मा घुटमळली. मग तिने सांगून टाकलं, की तिला हे तेव्हाच ठाऊक होतं. शिबिरात सगळ्याच बाया कडू लागतं म्हणायच्या. मॅडमना माहीतच असेल असं तिने धरलं होतं. बाई तिच्यावर चिडल्या नाहीत. चिडायलाही थोडी ताकद लागते, आणि या पोरीला चार वर्षांत आपण एकदाही काही विचारलं नाही, हे त्यांना नीट आठवत होतं. त्यांना लाज वाटली. सरळ, साधी लाज.

संध्याकाळी त्यांनी साताऱ्याला डॉ. दिग्विजय भोईटे यांना फोन केला. भोईटे लष्करी रुग्णालयातून कर्नल म्हणून निवृत्त झालेले, पुस्तिकेचे संपादक, बाईंपेक्षा दहा वर्षांनी मोठे. माणूस सज्जन. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि तितक्याच शांतपणे सांगितलं, की छापखान्याची तारीख ठरलेली आहे, या पुस्तिकेमागे दोन वर्षं गेली आहेत, आणि आता काचबिंदूचं अख्खं प्रकरण मोडून बसलं तर ती निघायचीच नाही. त्यांनी एक मधला मार्ग सुचवला. प्रकरण आहे तसं राहू दे, शेवटच्या पानावर बारीक टाइपात एक टीप टाकू, काही रुग्णांनी औषध नियमित न घातल्याची शक्यता आहे, अशी. मूळ पेपराचं नंतर बघू.

"चंदना, आपण दोघं थकलोय," शेवटी ते म्हणाले. "त्या टिपेत खोटं काही नाही. सही कर आणि ये उद्या. झोप जरा."

बाईंना ते पटलं नाही, पण बरं वाटलं. खोटं खरंच काही नव्हतं. त्यांनी टीप लिहिली, तीन ओळींची, पाकिटात घातली आणि प्रकरणावर सहीही केली. पेपर मागे घ्यायचा म्हणजे पत्रं, खुलासे, विश्वस्तांपुढे उभं राहणं, शनिवारच्या वर्गातल्या पोरांच्या नजरा. हे सगळं करायला एक तरणाताठा माणूस हवा होता, आणि इथे कुणी तरणंताठं नव्हतं.

एक फोन मात्र त्यांनी आणखी केला. संस्थेच्या वडूजच्या केंद्रावर राजनंदिनी नावाची मुलगी होती, दीड वर्षापूर्वी शिकून बाहेर पडलेली, त्यांच्याच वर्गातली. रात्रीच्या थेंबावर चांगले असलेले आणि यादी बदलल्यावर दोन वेळच्या थेंबावर गेलेले तिच्याकडे किती, असं त्यांनी विचारलं. मुलीने केसपेपर काढून अर्ध्या तासात कळवलं. अकरा. दहा जण ठीक होते. अकरावा मागच्याच आठवड्यात पुष्कळ दिवसांनी येऊन गेला होता, आणि त्याच्याबद्दल मॅडमशी बोलावं की नाही या विचारात ती होतीच. बाई म्हणाल्या, उद्या साताऱ्याला वडूजवरूनच जाते, त्याला बोलावून ठेव.

रविवारी सकाळी विटा गाव मागे टाकून गाडी मायणीच्या माळाला लागली, तरी बाई डोळे मिटूनच होत्या. वडूजचं केंद्र म्हणजे बाजारपेठेत दोन खोल्या. बाहेर बाकावर एक उंच, वाळलेला माणूस बसला होता, डोक्याला लाल पागोटं, शेजारी त्याची बायको. अर्जुना आणि दगडाबाई. मेंढपाळ माणसं. दिवाळी झाली की कळप घेऊन घाट उतरून कोकणात जायचं आणि पाऊस लागायच्या आत परत यायचं, असा पिढ्यानपिढ्यांचा रिवाज. अर्जुनाचा डावा डोळा फार पूर्वीच गेलेला. सगळी मदार उजव्यावर.

राजनंदिनीने नजरेच्या आवाक्याच्या तपासणीचे दोन कागद बाईंपुढे शेजारी शेजारी ठेवले. दिसतं तो भाग पांढरा, गेलेला काळा. दोन वर्षांपूर्वीच्या कागदावर कडेला काळी किनार आणि मध्ये चांगलं ऐसपैस पांढरं. मागच्या आठवड्यातल्या कागदावर मधोमध रुपयाच्या नाण्याएवढं पांढरं उरलेलं, बाकी सगळं काळं. केसपेपरवर रात्रीच्या थेंबाच्या काळातले दाब ओळीने लिहिलेले होते. पंधरा, सोळा, पंधरा. त्याच्याखाली थेंब बदलल्याची तारीख, आणि शेवटी मागच्या आठवड्यातला आकडा, एकोणतीस. बदलाच्या तारखेपुढे आधीच्या डॉक्टरने कारणही लिहून ठेवलं होतं: सांगलीच्या अभ्यासानुसार.

बाईंनी अर्जुनाला विचारलं, की औषधाचं तो कसं करायचा. आणि मग त्या गप्प बसल्या.

तो सावकाश बोलला. रात्रीचा थेंब होता तेव्हा सोपं होतं. मेंढरं बसवली, भाकरी खाल्ली, की दगडाबाई थेंब घालायची. पाच वर्षांत एक रात्र चुकली नाही, मग मुक्काम कुठल्याही रानात असो. दोन वेळचा आला आणि बिघडलं. पहाटे अंधारात वाडा, म्हणजे मेंढरांचा तळ, हलवायचा, पोरं-कोंबड्या घोड्यावर लादायच्या, त्यात सकाळचा थेंब कुणाच्या ध्यानात राहणार? दुपारी आठवायचा, कधी आठवायचा नाही. कोकणात बाटली संपली की नवी मिळायची नाही. यादी बदलली त्या दिवशी त्याने इथे सांगितलंही होतं, की मला आधीचाच द्या.

"ते म्हणले, सांगलीच्या मोठ्या बाईंनी लोकांवर घालून बघितलाय, आपल्या माणसास्नी त्यो लागू पडत न्हाई," तो म्हणाला. "म्या म्हटलं, मला पडतोय की. पण त्यांच्याकडं कागूद हुता."

"आता कळप कुणाकडं आहे?" बाईंनी विचारलं.

उत्तर दगडाबाईने दिलं. कळप विकला, यंदाच्या पाडव्याला. कडेची मेंढरं त्याला दिसेनात. पाच वेळा मोजली तरी आकडा जुळेना. एकदा रस्त्यावर चार मेंढरं गाडीखाली गेली, बाजूने गाडी आलेली त्याला कळलीच नाही. "मेंढराच्या मागं चालल्याबिगर ह्यांस्नी झोप लागत न्हाई," ती म्हणाली. "आता रातभर बसून असत्यात."

राजनंदिनी खाली मान घालून उभी होती. बाईंना एकदम प्रचंड थकवा आला, आत्तापर्यंतचा सगळा थकवा त्यापुढे काहीच नव्हता. त्यांना वाटलं, उठावं, गाडीत बसावं, साताऱ्याची बैठकही नको आणि काही नको. पण त्या उठल्या नाहीत. त्यांनी आपलं स्टूल ओढून अर्जुनाच्या अगदी समोर घेतलं, त्याच्या उरलेल्या नजरेत आपला चेहरा येईल असं.

"अर्जुनाभाऊ, ती सांगलीची बाई मीच," त्या म्हणाल्या. "ज्यांच्यावर मी औषध बघितलं, त्यांनी ते घातलंच नव्हतं. मी नीट विचारलं नाही. तुमचा थेंब बरोबर होता. चूक माझी."

अर्जुनाच्या चेहऱ्यावर राग शोधायचा बाईंनी प्रयत्न केला. राग असता तर त्यांना सोसलं असतं. तो फक्त ऐकलेलं नीट लावून बघत होता.

"गेलेलं येतंय का माघारी?" त्याने विचारलं.

"नाही. उरलेलं राखता येईल. आजपासून परत रात्रीचा सुरू करायचा, तुम्हाला घरपोच मिळेल ते मी बघते. दाब तेवढ्याने उतरला नाही तर शस्त्रक्रिया, तीही मीच करीन."

तो मानेनेच हो म्हणाला. बाईंनी राजनंदिनीकडून कागद मागून घेतला आणि औषध लिहिलं. मग त्यांनी पाकीट पिशवीतून काढलं, आतली तीन ओळींची टीप फाडली, आणि प्रकरणावरची आपली सही खोडून तिच्याखाली लिहिलं, की हे प्रकरण ज्यावर उभं आहे तो माझा पेपर मी मागे घेत आहे, त्याचा आधार कुणीही घेऊ नये. कागद फाटल्याचा आवाज अर्जुनाने ऐकला असावा, कारण त्याने काय चाललंय ते विचारलं. बाईंनी सांगितलं, की ज्या कागदामुळे तुमचा थेंब बदलला, तो कागद मी माघारी घेतेय.

"कागूद माघारी घेता येतोय व्हय?"

"येतो," बाई म्हणाल्या, आणि सांगलीहून बरोबर आणलेली रात्रीच्या थेंबाची बाटली त्यांनी पिशवीतून काढली.

"मग घ्या," अर्जुना म्हणाला, आणि बाटलीसाठी त्याने हात पुढे केला. हात बाईंच्या हातापासून वीतभर बाजूला जाऊन थांबला. दगडाबाईने तो धरून बाटलीपाशी आणला.